फोर्कलिफ्टच्या झिजलेल्या फोर्कला वेल्डिंग मारावं का?

चाकण_स्टोअर
नमस्कार मंडळी. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत स्टोअर आणि डिस्पॅच बघतो. आमच्याकडे ३ टनी डिझेल फोर्कलिफ्ट आहे, दोन पाळ्यांत चालते. परवा ऑपरेटर म्हणाला, "साहेब, फोर्क खालून पार घासलेत, पॅलेटमध्ये शिरताना जमीन खरवडतात." जाऊन पाहिलं तर हीलपाशी, म्हणजे फोर्क उभ्याचा आडवा होतो त्या कोपऱ्यात, खालची बाजू घासून लख्ख झालीय आणि कडेला अक्षरशः धार आलीय.

व्हर्नियर लावला. उजवा फोर्क ३९.८ मिमी, डावा ४१.२. मुळात नवीन किती जाडीचा होता ते कुणालाच माहीत नाही, मॅन्युअल कधीच गायब.

मेंटेनन्सचं म्हणणं, बाहेरचा वेल्डर बोलावू, झिजलेल्या जागी दोन-तीन थर भरू, ग्राइंडर मारू, संध्याकाळी गाडी चालू. खरेदी विभागाचं म्हणणं, मेंटेनन्स बरोबर बोलतंय. एरवी या दोघांचं चहाच्या वेळेवरही एकमत होत नाही, म्हणून मला शंका आली.

तर प्रश्न दोन. वेल्डिंग चालतं का? आणि फोर्क बाद कधी धरायचा?

गंजका_बोल्ट
चालतं की. आमच्या भिवंडीच्या गोडाऊनला सगळे हेच करतात. भाड्याच्या गाड्या आणल्यात तर निम्म्यांचे फोर्क भरलेलेच असतात.

फोर्जिंगवाले_काका
गंजकाराव, सगळे करतात म्हणजे चालतं असं नाही. फोर्कच्या झिजेवर किंवा तड्यावर वेल्डिंग करायचं नाही. वापरातल्या फोर्कची तपासणी आणि दुरुस्ती यासाठी आयएसओ ५०५७ हे मानक आहे, त्यात हे स्पष्ट आहे. दुरुस्ती होऊ शकते की नाही हे उत्पादकाने किंवा तितक्याच जाणकार माणसाने ठरवायचं. नाक्यावरच्या शेडमध्ये नाही.

दुसरा प्रश्न सोपा आहे. मूळ जाडीच्या १० टक्के झीज झाली की फोर्क बाद. मूळ जाडी मॅन्युअलशिवायही कळते. फोर्कचा उभा भाग मोजा, ज्या हुकांनी फोर्क गाडीला अडकतो त्या वरच्या आणि खालच्या हुकच्या मधोमध. तो जमिनीला लागत नाही, त्यामुळे झिजत नाही. रंगाचे थर खरवडून मग व्हर्नियर लावा, नाहीतर आकडा जास्त येईल.

चाकण_स्टोअर
काका, आत्ताच मोजून आलो. उभा भाग ४५.

फोर्जिंगवाले_काका
मग मर्यादा ४०.५. उजवा बाद. डावा काठावर.

पौड_फाटा_मेकॅनिकल
१० टक्के ऐकून लोकांना वाटतं, एवढं काय, ९० टक्के लोखंड शिल्लक आहे की. पण वाकवणाऱ्या भाराला आडवी पट्टी किती टिकते हे जाडीच्या वर्गावर अवलंबून असतं. ०.९ चा वर्ग ०.८१. म्हणजे १० टक्के झीज झाली की ताकद जवळजवळ २० टक्क्यांनी गेली. तुमच्या उजव्या फोर्कचं गणित, ३९.८ भागिले ४५, त्याचा वर्ग, ०.७८. बावीस टक्के गायब. ३ टन उचलणाऱ्या गाडीवर ही गंमत नाही.

ठिणगी
मी वेल्डिंगचं काम करतो, जरा बाजू मांडतो. शेडमध्ये बसलेला प्रत्येक वेल्डर अडाणी नसतो. ७०१८ रॉड ओव्हनमध्ये तापवून, जॉब प्रीहीट करून, नंतर गोणपाटात... चुकलो, ॲस्बेस्टॉसच्या चादरीत गुंडाळून हळू थंड करायचा. जेसीबीच्या बकेटचे दात, डंपरची चासी, सगळं असंच होतं आणि वर्षानुवर्षं चालतं. फोर्कला काय सोनं लागलंय?

फोर्जिंगवाले_काका
ठिणगीराव, तुमच्या हातावर शंका नाही. अडचण पोलादात आहे. फोर्क मिश्रपोलादाचा असतो, घडवल्यावर पाण्यात किंवा तेलात विझवून पुन्हा ठरावीक तापमानाला तापवतात, तेव्हा त्याला ती ताकद आणि चिवटपणा येतो. तुम्ही आर्क मारला की त्या जागेच्या शेजारची पट्टी एकतर ठिसूळ होते किंवा मऊ पडते. प्रीहीटने ठिसूळपणा कमी होईल, पण गेलेली उष्णता-प्रक्रिया परत येत नाही. आणि हे सगळं नेमकं हीलला, जिथे ताण सर्वांत जास्त. बकेटचा दात तुटला तर माती सांडते.

दुरुस्त केलेला किंवा सरळ केलेला फोर्क पुन्हा वापरात आणायचा तर आधी उष्णता-प्रक्रिया, मग त्यावर कोरलेल्या क्षमतेच्या अडीच पट भार देऊन चाचणी. १५०० किलोच्या एका फोर्कला ३७५० किलो. ही सोय तुमच्या शेडमध्ये असेल तर मी माझे शब्द मागे घेतो.

ठिणगी
३७५० किलोचं तुम्ही बरोबर धरलंत. ती सोय नाही. पण मग फोर्कचे हुक वेल्ड केलेलेच असतात की कारखान्यात! ते कसं चालतं?

पौड_फाटा_मेकॅनिकल
चांगला मुद्दा. ते ठरवलेल्या पद्धतीने, ठरवलेल्या साहित्याने होतं आणि नंतर तपासलं जातं. आणि तरीही तडा शोधायच्या दोन मुख्य जागांपैकी एक तीच, वरच्या हुकचा जोड. दुसरी हील.

सुरक्षा_ताई
मी औद्योगिक सुरक्षेत काम करते, रांजणगाव पट्ट्यात. तड्यावरून एक गोष्ट सांगते, कारण लोक इथेच फसतात. सगळे खाली वाकून हीलची झिजलेली बाजू बघतात. पण भार उचलल्यावर फोर्कचा कोपरा उघडायला बघतो, म्हणजे ओढ आतल्या वळणाला पडते, वरच्या बाजूने. झीज खालून होते, तडा वरून सुरू होतो. बॅटरी घेऊन आतल्या वळणाकडे बघा, आडवी बारीक रेघ दिसते का ते.

डोळ्यांना दिसली नाही तरी वर्षातून एकदा डीपी टेस्ट, म्हणजे डाय पेनेट्रंट टेस्ट, करून घ्या. तीन डब्यांचा खेळ आहे. क्लीनर मारून पुसायचं, लाल पेनेट्रंट मारून डब्यावर लिहिली असतील तेवढी मिनिटं थांबायचं, वरचं पुसून पांढरा डेव्हलपर मारायचा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. मात्र आधी रंग काढायलाच हवा. रंगावरून केलेल्या डीपीला अर्थ नाही.

रंगाचा विषय निघालाच आहे तर, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी फोर्कलिफ्टला जो पिवळा-काळा रंग मारता ना, त्यावर माझा जुना राग आहे. मशीनची पूजा जरूर करा, झेंडूचा हार घाला, पण फोर्कच्या हीलवर रंगाचा जाड थर देऊ नका. तडे त्यातच लपतात. ऑडिटच्या आदल्या रात्री मारलेल्या रंगाबद्दल तर बोलतच नाही.

निवांत_नाना
ताई, आमच्याकडे ऑडिटचा आणि दसऱ्याचा रंग एकाच डब्यातला असायचा. निम्मा दसऱ्याला, निम्मा ऑडिटला.

गंजका_बोल्ट
कायद्यात कुठे लिहिलंय हे? मानक म्हणजे कायदा नव्हे. आमच्याकडे इन्स्पेक्टर येतो, त्याने कधी फोर्क मोजलेला नाही.

सुरक्षा_ताई
@गंजका_बोल्ट, कारखाने अधिनियम १९४८, कलम २९ मध्ये होतं (नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा संहिता २०२० ने घेतली). लिफ्टिंग मशीन वगैरेंची सक्षम व्यक्तीकडून निदान बारा महिन्यांतून एकदा पूर्ण तपासणी. व्याख्येत क्रेन, क्रॅब, विंच अशी नावं होती, 'फोर्कलिफ्ट' हा शब्द नव्हता हे मीच सांगते, म्हणजे तुम्हाला शोधावं लागणार नाही. पण महाराष्ट्रातले कितीतरी कारखाने फोर्कलिफ्टही त्यात धरून दाखला घेत आले, आणि तेच शहाणपणाचं. अपघात झाल्यावर व्याख्येतला शब्द मालकाला फार उपयोगी पडत नाही. कामगाराला सुरक्षित यंत्र देण्याची जबाबदारी त्याच कायद्याच्या कलम ७ क खाली तशीही होतीच.

मात्र दाखल्यावर नुसतं 'समाधानकारक' लिहून घेऊ नका. फोर्कची जाडी, टोकांच्या उंचीतला फरक, तड्याची तपासणी, हे आकड्यांत लिहून मागा. पैसे देताय ना.

स्लाऊचा_सदू
इथे इंग्लंडमध्ये १९९८ चे लोलर नियम आहेत. माल उचलणाऱ्या यंत्राची बारा महिन्यांनी, माणसं उचलणाऱ्याची सहा महिन्यांनी पूर्ण तपासणी. आमच्या वेअरहाऊसमध्ये तपासनीस येतो तेव्हा त्याच्या हातात फोर्क कॅलिपर असतं. इंग्रजी एक्ससारखा आकार, दोन्हीकडे जबडे. एका बाजूने उभा भाग पकडायचा, मग तसंच उलटं करून दुसरी बाजू हीलपाशी आडव्या भागावर सरकवायची. आतला जबडा बरोबर ९० टक्क्यांचा असतो. तो फोर्कवर चढला की फोर्क बाद. आकडेमोड नाही, वाद नाही. त्याच्याशी हुज्जत घालणारा मॅनेजर मी अजून पाहिलेला नाही.

निवांत_नाना
माणसं उचलणाऱ्यावरून आठवलं. आमच्याकडे ट्यूबलाइट बदलायला इलेक्ट्रिशियनला पॅलेटवर उभं करून वर न्यायचे. तो वर गेल्यावर खालून ऑपरेटर जेवायला निघून जायचा, मुद्दाम.

सुरक्षा_ताई
नाना, हे वाचून माझा चहा कडू झाला.

पौड_फाटा_मेकॅनिकल
जाडीवर बरंच बोलून झालं, बाकीच्या मोजमापांकडे या. मास्ट (फोर्क ज्यावर वर-खाली होतात तो पुढचा खांब) उभा, जमीन सपाट, फोर्क थोडे वर. दोन्ही टोकांची जमिनीपासूनची उंची मोजा. फरक आडव्या भागाच्या लांबीच्या ३ टक्क्यांहून जास्त असेल तर जोडी काढून घ्यायची. १०७० मिमीच्या फोर्कला साधारण ३२ मिमी, १२२० च्या फोर्कला ३६ च्या आसपास. ही कमाल मर्यादा आहे. पंचवीस मिमी फरक असला तरी ऑपरेटरला पॅलेट तिरकं वाटायला लागतं.

मग गुण्या लावा. उभ्या-आडव्या भागातला कोन मूळ कोनापेक्षा ३ अंशांनी हलला असेल तरी बाद. आणि गॅस मारून वाकलेलं टोक सरळ करायचं नाही. ठिणगीरावांना वर जे सांगितलं तेच इथेही लागू.

दिघी_पोर्ट
आमच्याकडे फोर्कची टोकं वाकतात ती कारणं वेगळीच. एका फोर्कच्या टोकाने जंबो बॅग उचलायची, टोकाने पॅलेट ढकलायचं, अडकलेला ट्रक ओढायला फोर्कलाच साखळी बांधायची. कहर म्हणजे साखळीचा हुक अडकवायला फोर्कच्या टोकाला ड्रिलने भोक पाडलेला एक नमुना पाहिला. मालक अभिमानाने दाखवत होता.

फोर्जिंगवाले_काका
त्या भोकापासून तडा सुरू होणार. तो फोर्क बाद, झीज शून्य असली तरी.

लॉजिस्टिक्स_लता
अवांतर विचारते. लांब पॅलेटसाठी आम्ही फोर्कवर बाहीसारखे एक्स्टेन्शन चढवतो. त्याचं काय?

पौड_फाटा_मेकॅनिकल
ताई, एक्स्टेन्शनच्या लांबीच्या निदान दोन-तृतीयांश तरी मूळ फोर्क आत हवा. १०७० च्या फोर्कवर १६०० पर्यंत ठीक, २ मीटरची बाही चढवली की टोकाला आत काहीच नाही. मागची पिन किंवा पट्टी बसलेली हवी, नाहीतर ब्रेक मारला की बाही पुढे. आणि भाराचा मध्य पुढे गेला की गाडीची क्षमता कमी होते, ते वेगळंच. एक्स्टेन्शन आहे म्हणून लोक त्याच्या टोकावर ३ टन ठेवतात.

चाकण_स्टोअर
सगळ्यांचे आभार. आज बरंच केलं. फोर्क काढून डिझेलने धुतले, आतल्या वळणाचा रंग वायर ब्रशने काढला, डीपी करून घेतली. तडा दोन्हीत नाही. टोकांचा फरक १४ मिमी. पण डाव्या फोर्कची वरची लॉक पिन पाहिली तर पिनच नाही! तिथे नट-बोल्ट खुपसलाय. ऑपरेटर म्हणतो, "तो पहिल्यापासून आहे."

आता वरिष्ठ विचारतात, डावा फोर्क ४१.२ आहे, मर्यादेत आहे, मग एकच बदलला तर? निम्म्यात काम होईल.

गंजका_बोल्ट
या वेळी वरिष्ठांचं पटतंय.

फोर्जिंगवाले_काका
नको. नवा ४५ चा आणि जुना ४१ चा एका गाडीवर लावलात की भाराखाली दोन्ही सारखे वाकणार नाहीत, भार एकावर जास्त येणार. उत्पादकही जोडीनेच बदलायला सांगतात. शिवाय तो डावा ४१.२ वरून ४०.५ वर यायला दोन पाळ्यांच्या गाडीला किती दिवस लागणार? तेव्हा पुन्हा गाडी बंद, पुन्हा कोटेशन, पुन्हा हा धागा वर.

बोल्ट आजच काढा आणि पिन बसवा. लॉक नसला तर फोर्क कॅरेजवर, म्हणजे तो ज्या आडव्या पट्ट्यांवर अडकतो त्या सांगाड्यावर, बाजूला सरकतो. वळणावर पॅलेट तिरकं होऊन पडायला तेवढं पुरतं. रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी ऑपरेटरने दोन्ही लॉक हाताने उचलून सोडून बघायचे. कॅरेजच्या दोन टोकांचे स्टॉपरही.

टायर_महाराज
मी इतका वेळ वाट बघत होतो, कोणीतरी विचारेल की फोर्क मुळात एवढे झिजले कशाने. कोणी विचारलंच नाही. नवीन जोडी टाकाल आणि तीही तशीच खरवडून घ्याल.

चाकणराव, मास्ट उभा करून फोर्क पूर्ण खाली सोडा. हील जमिनीला टेकतेय का? टेकत असेल तर गाडी रिकामी फिरतानाही फोर्क घासत असणार. कारणं दोन. एक, मास्टची चेन ताणली गेली. नव्या चेनच्या ३०० मिमी मापात आता ३०९ भरत असेल तर ३ टक्के ताणली, ॲडजस्ट करत बसू नका, बदला. दोन, आणि हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही, सॉलिड टायर झिजले. टायर झिजला की अख्खी गाडी खाली बसते आणि तिच्याबरोबर फोर्कही.

तिसरं कारण सीटवर बसलेलं असतं. पॅलेटमध्ये शिरताना मास्ट पुढे झुकवून टोकं जमिनीला लावतच जाणारे ऑपरेटर. तुमच्याकडे मात्र झीज हीलला आहे, टोकाला नाही. म्हणून माझा पहिला संशय चेन आणि टायरवर.

चाकण_स्टोअर
महाराज! पुढचे टायर '60J' खुणेच्या खाली गेलेत. म्हणजे टायरवर जी बदलायची रेघ असते ना, तीच आता दिसत नाही. चेन उद्या मोजतो.

टायर_महाराज
रेघ गेली म्हणजे टायर गेला. चेन ॲडजस्ट करायची तर टायर बदलल्यावर करा, आधी नको. नाहीतर नव्या टायरवर फोर्क जास्त वर राहतील आणि हँड पॅलेटच्या सपाट पॅलेटमध्ये शिरणार नाहीत. दोन्ही चेन सारख्या ताणाच्या आहेत ना तेही बघा. एक सैल असेल तर टोकांचा फरक तिथूनही येतो. तुमचे ते १४ मिमी फोर्कचेच असतील असं नाही.

ठिणगी
हे पटलं. टायरच्या झिजेला वेल्डिंग मारा असं निदान कोणी म्हणणार नाही.

चाकण_स्टोअर
दोन दिवसांनी आलोय. चेन ३०४ भरली, म्हणजे चालेल. टायर मागवले. फोर्कची जोडी घ्यायचं वरिष्ठांनी मान्य केलं, बावीस टक्क्यांचं गणित कामी आलं. पण खरेदीने दुसरा विक्रेता शोधलाय, बराच स्वस्त. फोटो पाठवलाय त्याने, उभ्या भागाच्या बाजूला १२५० × ५०० असं कोरलंय. आमच्या जुन्यांवर घासून घासून १५०० × ५०० वाचता आलं. फरक पडतो का?

पौड_फाटा_मेकॅनिकल
पडतो तर! १२५० किलो हे एका फोर्कचं, ५०० मिमी अंतरावरच्या भारासाठी. दोन फोर्क मिळून २५००. तुमची गाडी ३ टनाची. ते २.५ टनी गाडीचे फोर्क आहेत. तुम्हाला १५०० चे दोन हवेत. बहुधा बसणारही नाहीत. २.५ टनापर्यंतच्या गाड्या क्लास २, कॅरेजची उंची ४०७ मिमी. तुमची क्लास ३, ५०८ मिमी. मागवण्याआधी कॅरेजच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत टेप लावा.

आणि ज्या फोर्कवर काहीच कोरलेलं नाही तो कितीही जाड दिसला तरी घेऊ नका.

सुरक्षा_ताई
आणि जुने फोर्क भंगारात तसेच देऊ नका. गॅस कटरने मधोमध कापून द्या आणि कापल्याचा फोटो ठेवा. नाहीतर हील भरून, रंग मारून तेच कुणाच्या तरी गाडीवर चढतात. गंजकाराव ज्या भाड्याच्या गाड्यांबद्दल म्हणाले, त्यांचे फोर्क येतात कुठून?

गंजका_बोल्ट
ताई, आता माझ्याकडच्या तीन गाड्यांचे फोर्क उद्या मोजतोच. एक सांगा, दोन पाळ्यांना वर्षातून एकदाच पुरतं का?

सुरक्षा_ताई
बारा महिने ही जास्तीत जास्त मुदत आहे. दोन-तीन पाळ्या, खडबडीत फरशी, फौंड्रीसारखं काम असेल तर सहा महिन्यांनी करा. लॉक, वाकलेलं टोक, दिसणारा तडा हे रोजचं, पाळी सुरू होताना. मोजलेले आकडे एका वहीत गाडीच्या नंबरसकट लिहा. दोनदा मोजलं की झिजेचा वेग कळतो आणि कोटेशन आधीच मागवता येतं.

लॉजिस्टिक्स_लता
हेच सगळं हँड पॅलेट ट्रकच्या फोर्कला लागू होतं का? आमच्याकडे ते जास्त आहेत.

पौड_फाटा_मेकॅनिकल
नाही ताई, ते पत्र्याचे वाकवून बनवलेले असतात, आत रोलर आणि पुश रॉड. तिथे १० टक्क्यांचं गणित लावू नका. वेगळा धागा काढा, त्यावर माझ्याकडे बरंच आहे.